७५ फुटांचे अंतर : आचार्य जगदीशचंद्र बोस

आज आपल्या माजी विद्यार्थ्यांच्या कानांत तारेवाचून गाणे वाजते. मेट्रोच्या फाटकाला कार्ड टेकविले की फाटक उघडते, दुकानदाराच्या छोट्या यंत्राजवळ कार्ड नुसते धरले की पैसे वळते होतात. या साधनांचा संदेश फार दूर जात नाही, आणि तो दूर जाऊ नये अशीच त्यांची योजना असते. कार्डाचा संदेश दोन-चार बोटांवर संपतो, कानातल्या यंत्राचा एका दालनात, वाय-फायचा एका घरात. तोकड्या पल्ल्याच्या या बिनतारी विद्येचा माग इतिहासातून काढीत गेलो की आम्ही कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात, स्नानगृहालगतच्या एका लहानशा खोलीत जाऊन पोहोचतो. तेथे काम करणाऱ्या प्राध्यापकाने त्यापूर्वी सलग तीन वर्षे सरकारचा पगार नाकारला होता. त्यांचे चरित्र सांगताना आम्ही ही पगाराची हकीकत बाजूला ठेवू इच्छीत नाही, कारण आमच्या मते त्यांचे विज्ञान आणि तो नकार एकाच स्वभावातून आले.

जगदीशचंद्र बोस यांचा जन्म ३० नोव्हेंबर १८५८ रोजी बंगालमधील मैमनसिंग येथे झाला. हा मुलूख आज बांगलादेशात आहे. वडील भगवानचंद्र हे ब्राह्मो समाजाचे अनुयायी आणि इंग्रज सरकारच्या नोकरीत डेप्युटी मॅजिस्ट्रेट होते. त्या काळी ऐपतदार बंगाली गृहस्थ मुलाला इंग्रजी शाळेत घालण्यात प्रतिष्ठा मानीत. भगवानचंद्रांनी मात्र फरीदपूर येथे आपल्या मुलाला साध्या बंगाली पाठशाळेत बसविले. मुलाला आधी मातृभाषा आली पाहिजे, आपल्या मातीतील माणसे कळली पाहिजेत, असा त्यांचा आग्रह होता. वर्गात जगदीशचंद्रांच्या उजव्या हाताला वडिलांच्या मुसलमान शिपायाचा मुलगा बसे, डाव्या हाताला एका कोळ्याचा. पक्षी, प्राणी आणि पाण्यातील जीव यांच्या गोष्टी त्यांनी या दोघांच्या तोंडून ऐकल्या, आणि निसर्गाविषयीच्या कुतूहलाचे मूळ त्या गोष्टींत असल्याचे त्यांनी पुढे उतारवयात जाहीर भाषणात सांगितले. शाळा सुटल्यावर मित्र घरी येत तेव्हा आई बामासुंदरी तिघांनाही सारखेच खाऊ घालीत. जातीच्या आणि धर्माच्या नावाने पंगती वेगळ्या मांडणाऱ्या त्या काळात ही लहान गोष्ट नव्हती. मात्र चरित्रग्रंथांतून ते दोन मित्र बाकापुरतेच येतात आणि पान उलटताच दिसेनासे होतात. एका बाकावरून निघालेल्या तिघांपैकी केंब्रिजला एकच पोहोचला, याचा विचार निवासी शाळेत शिकविणाऱ्याने करावयाचा नाही तर कोणी करावा?

त्याच घरातील आणखी एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. भगवानचंद्रांनी मॅजिस्ट्रेट या नात्याने एका दरोडेखोराला तुरुंगात पाठविले होते. शिक्षा भोगून तो सुटला तेव्हा उपजीविकेचा प्रश्न घेऊन त्यांच्याकडेच आला. त्यांनी त्याला नोकरीवर ठेवले, आणि लहान जगदीशला शाळेत नेण्या-आणण्याचे काम दिले.

पुढील शिक्षण कलकत्त्याच्या सेंट झेवियर्समध्ये झाले. तेथे फादर लाफाँ यांनी प्रयोगांची गोडी लावली. १८७९ साली पदवी मिळाली. मुलाला सनदी सेवेत जावेसे वाटत होते, पण स्वतः सरकारी अधिकारी असलेल्या वडिलांना आपला मुलगा लोकांवर हुकूमत गाजविणारा व्हावा हे नको होते. १८८० मध्ये जगदीशचंद्र वैद्यक शिकण्यासाठी लंडनला गेले, परंतु वारंवार येणाऱ्या तापामुळे तो अभ्यास सोडावा लागला. मग केंब्रिजच्या क्राइस्ट्स कॉलेजात त्यांनी निसर्गविज्ञान घेतले. लॉर्ड रॅली हे त्यांचे गुरू. केंब्रिज व लंडन या दोन्ही विद्यापीठांच्या पदव्या घेऊन ते मायदेशी परतले.

येथून ती पगाराची हकीकत सुरू होते. व्हाइसरॉय लॉर्ड रिपन यांची शिफारस असूनही बंगालचे शिक्षणखाते त्यांना भौतिकशास्त्राचे प्राध्यापक नेमण्यास तयार नव्हते. हिंदी माणसाला काटेकोर विज्ञान शिकविता येणार नाही, अशी अधिकाऱ्यांची समजूत होती. अखेर १८८५ मध्ये प्रेसिडेन्सी कॉलेजात त्यांची नेमणूक झाली ती हंगामी. युरोपीय प्राध्यापकाला जो पगार मिळे त्याच्या दोन-तृतीयांश हिंदी प्राध्यापकाला मिळत असे. नेमणूक हंगामी असल्याने त्याचाही अर्धा. म्हणजे तोच वर्ग, तोच विषय, तेच तास, आणि मोबदला एक-तृतीयांश. जगदीशचंद्रांनी नोकरी सोडली नाही, कामात कसूर केली नाही आणि पगारही घेतला नाही. दरमहा येणारा धनादेश ते परत करीत. असे त्यांनी तीन वर्षे केले. अध्यापन मात्र इतके चोख ठेवले की प्राचार्य टॉनी आणि शिक्षणसंचालक क्रॉफ्ट या दोघांचेही मत पालटले. शेवटी त्यांना नेमणुकीच्या तारखेपासून कायम करण्यात आले आणि तीन वर्षांचा पूर्ण पगार एकरकमी मिळाला. त्यातून त्यांनी वडिलांचे कर्ज फेडले. लोकोपयोगी उद्योगधंदे उभारण्याच्या खटपटीत भगवानचंद्र कर्जबाजारी झाले होते.

ही वर्षे सोपी नव्हती. १८८७ मध्ये अबला दास यांच्याशी त्यांचा विवाह झाला. कलकत्त्याच्या वैद्यकीय महाविद्यालयात स्त्रियांना प्रवेश नव्हता म्हणून वैद्यक शिकण्यासाठी मद्रासला गेलेली ही मुलगी. पुढे बंगालमध्ये मुलींच्या व विधवांच्या शिक्षणाचे मोठे काम त्यांनी उभे केले. विवाहानंतर काटकसरीसाठी हे दांपत्य चंद्रनगरला राहिले. हुगळी नदी ओलांडण्यासाठी दोघे स्वतः होडी वल्हवीत, आणि पती कामावर गेले की अबलाबाई होडी परत घेऊन येत. तीन वर्षे बिनपगारी राहणे ज्याच्या घरी रोज चूल पेटण्याचीच भ्रांत आहे त्याला साधले नसते, हे आम्ही जाणतो. सुशिक्षित, नातेवाइकांचा आधार असलेले घर त्यांच्या पाठीशी होते. तरीही आधार असलेली किती माणसे असा नकार देतात, हेही आम्ही पाहतोच.

आता त्या खोलीकडे वळू. कॉलेजात संशोधनासाठी प्रयोगशाळा नव्हती. स्नानगृहालगतची अगदी लहान जागा त्यांनी स्वतःच्या खर्चाने प्रयोगाला वापरण्याजोगी केली. यंत्रे तयार करण्यास हाताशी होता पत्र्याचे काम करणारा एक स्थानिक कारागीर. त्याला विज्ञानाचे शिक्षण मिळालेले नव्हते. जगदीशचंद्रांनी आकृती समजावून सांगावी आणि त्याने ती पत्र्यात उतरवावी, अशा रीतीने जगातील तत्कालीन सर्वोत्तम सूक्ष्मतरंग उपकरणे घडली. 

ते कोणत्या विषयावर काम करीत होते, हे समजण्यासाठी थोडे विज्ञान पाहणे भाग आहे. जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी १८६५ साली गणिताने दाखविले होते की प्रकाश ही वीज आणि चुंबकत्व यांची मिळून झालेली लहर आहे, आणि डोळ्यांना न दिसणाऱ्या अशाच आणखी लहरी असल्या पाहिजेत. १८८८ च्या सुमारास जर्मनीत हाइनरिख हर्ट्झ यांनी विजेच्या ठिणगीतून तशा लहरी प्रत्यक्ष निर्माण केल्या. या सर्व लहरी सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर वेगाने जातात. लहरीच्या एका माथ्यापासून दुसऱ्या माथ्यापर्यंतचे अंतर म्हणजे तरंगलांबी, आणि एका सेकंदात किती माथे पुढे सरकतात ती वारंवारता. एक वाढली की दुसरी घटते. हर्ट्झ यांच्या लहरी काही मीटर लांबीच्या होत्या, आखूडात आखूड सुमारे ६६ सेंटिमीटर. त्यांचे अपवर्तन दाखविण्यासाठी हर्ट्झ यांना डांबराचा अवाढव्य लोलक ओतावा लागला होता. १ जानेवारी १८९४ रोजी अवघ्या ३६ व्या वर्षी ते वारले. त्यांच्या कार्यावर इंग्लंडमध्ये ऑलिव्हर लॉज यांनी दिलेले व्याख्यान जगदीशचंद्रांच्या वाचनात आले, आणि त्याच वर्षाच्या ३० नोव्हेंबरला, आपल्या ३६ व्या वाढदिवशी, त्यांनी या संशोधनाला वाहून घेण्याचा निश्चय केला.

अदृश्य लहर ही खरोखर प्रकाशाचीच बहीण असेल, तर तिला आरसा, भिंग, लोलक यांच्या कसोट्या लावता आल्या पाहिजेत. मोठ्या लहरीसाठी मोठा आरसा लागतो. म्हणून लहरच लहान करावी, म्हणजे सारा प्रयोग मेजावर मावेल, हा विचार जगदीशचंद्रांनी केला. प्लॅटिनमच्या लहान गोळ्यांमधून ठिणगी पाडून त्यांनी ५ मिलिमीटर इतक्या आखूड लहरी निर्माण केल्या. आजच्या परिभाषेत ती ६० गिगाहर्ट्झ वारंवारता होय, म्हणजे सेकंदाला ६० अब्ज आंदोलने. या लहरी त्यांनी पोकळ नळीतून नेल्या, नरसाळ्यासारख्या कर्ण्याने टिपल्या, गंधकाच्या भिंगातून एकत्र केल्या. ब्रॅडशॉ नावाने प्रसिद्ध असलेले रेल्वेचे वेळापत्रक घेऊन त्यांनी पानापानांत कथिलाचा पातळ वर्ख घातला. वर्खाला समांतर असणारे आंदोलन तेथे अडते, आडवे असणारे पार जाते, आणि अशा रीतीने ते पुस्तक लहरीच्या ध्रुवीकरणाचे साधन बनले. बंगालात मुबलक मिळणाऱ्या तागाच्या जुड्या पिळून त्यांनी दाखविले की पीळ ज्या दिशेचा असेल त्या दिशेला लहरीचे आंदोलन वळते, जसे साखरेच्या पाण्यातून जाणाऱ्या प्रकाशाचे वळते. रेल्वेचे वेळापत्रक, ताग, गंधक, पत्रा. आमच्या शाळांतील विज्ञानशिक्षकांनी साहित्य नाही म्हणून प्रयोग टाळण्यापूर्वी ही यादी एकवार वाचावी.

लहर पोहोचली हे ओळखणारा शोधक, हा दुसरा प्रश्न होता. त्या वेळी काचेच्या नळीत धातूचा कीस भरून तो वापरीत. लहर येताच कीस वीज वाहू देतो, पण पुन्हा पूर्ववत करण्यास नळीला टिचकी मारावी लागते, आणि दमट हवेत तो बेभरवशाचा ठरतो. जगदीशचंद्रांनी किसाऐवजी पोलादी तारेच्या बारीक स्प्रिंगा एकमेकींना टेकवून ठेवल्या. पुढे त्यांनी गॅलिना या शिशाच्या खनिजाच्या स्फटिकाला धातूचे टोक टेकवून शोधक बनविला. अर्धवाहकांचे युग येण्यास अद्याप बराच अवकाश होता.

मे १८९५ मध्ये त्यांनी आपला पहिला निबंध बंगालच्या एशियाटिक सोसायटीपुढे मांडला. त्याच सुमारास कलकत्त्याच्या टाउन हॉलमध्ये जाहीर प्रयोग झाला. एका दालनातून निघालेली अदृश्य लहर मधल्या भिंती आणि बंगालच्या लेफ्टनंट गव्हर्नरांचे देह ओलांडून सुमारे ७५ फुटांवरील दालनात पोहोचली. तेथे घंटा वाजली, दारूचा स्फोट झाला. १८९६ मध्ये लंडन विद्यापीठाने त्यांना डॉक्टर ऑफ सायन्स ही पदवी दिली. २९ जानेवारी १८९७ रोजी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्यांनी ही उपकरणे मेजावर मांडून व्याख्यान दिले. लॉर्ड केल्विन यांच्यासारखे ज्येष्ठ वैज्ञानिक प्रभावित झाले.

मात्र जगाला त्या वेळी ७५ फूट नको होते. जहाजांना किनाऱ्याशी बोलायचे होते, साम्राज्याला समुद्रापलीकडे हुकूम धाडायचे होते. गुग्लिएल्मो मार्कोनी यांनी १८९६ साली पेटंटसाठी अर्ज केला, लांब लहरी आणि उंच तारा वापरल्या आणि डिसेंबर १९०१ मध्ये इंग्लंडमधून निघालेला संकेत अटलांटिकपार न्यूफाउंडलंडला ऐकला. लांब लहर पृथ्वीच्या गोलाईवरून दूर जाते. मिलिमीटरची लहर सरळ रेषेत जाते आणि लवकर थकते. मार्कोनी यांनी त्या वेळी वापरलेला पाऱ्याचा शोधक हा बोस यांनी १८९९ साली प्रसिद्ध केलेल्या शोधकावरूनच आला, असे मत शतकाअखेरीस जुन्या कागदपत्रांच्या तपासणीतून पुढे आले. त्यावर सर्वांचे एकमत नाही. रेडिओचा शोध बोस यांनीच लावला आणि मार्कोनींनी तो चोरला, असे जे सरसकट सांगितले जाते ते इतिहासाचे विद्यार्थी म्हणून आम्हांस पटत नाही. दूरवरचा संदेश हा मार्कोनींचा ध्यास होता, बोस यांचा नव्हता. बोस यांचे श्रेय निराळे आहे, आणि त्यासाठी दुसऱ्याच्या श्रेयाला हात लावण्याची गरज नाही.

ते श्रेय कोणते, हे गेल्या काही दशकांत स्पष्ट झाले. घराघरांत आणि खिशाखिशांत यंत्रे आली तेव्हा ध्यानात आले की दूर न जाणारी लहरच अधिक सोयीची. माझा संदेश माझ्या खोलीतच विरला तर शेजारी तीच वारंवारता निर्धास्त वापरू शकतो. शक्ती कमी लागते, म्हणून बोटाएवढ्या बॅटरीवर काम भागते. ब्लूटूथ २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास चालते. तिची लहर सुमारे १२ सेंटिमीटरची, म्हणजे हर्ट्झ आणि बोस यांच्या मधली. साधारण यंत्रात तिचा पल्ला सुमारे १० मीटर असतो. गर्दीत गोंधळ होऊ नये म्हणून ती ७९ मार्गिकांमध्ये सेकंदाला १६०० वेळा जागा बदलू शकते. पैशाच्या किंवा मेट्रोच्या कार्डाची रीत थोडी वेगळी. तेथे लहर दूर पाठविलीच जात नाही. यंत्रातील वेटोळ्याभोवतीच्या बदलत्या चुंबकक्षेत्रातून कार्डातील वेटोळे वीज मिळविते, म्हणून कार्डाला बॅटरी लागत नाही आणि काही सेंटिमीटरपलीकडे ते मुके होते. आणि बोस यांची स्वतःची ६० गिगाहर्ट्झची लहर? हवेतील प्राणवायू ती शोषून घेतो, त्यामुळे दूरच्या पल्ल्यासाठी ती निरुपयोगी, पण एकाच दालनात प्रचंड माहिती क्षणात पोहोचविण्यासाठी उत्तम. वाय-फायच्या एका प्रकारात आज तीच वापरतात. मोटारींच्या अपघातरोधक रडारची लहर सुमारे ४ मिलिमीटरची असते. ७५ फूट म्हणजे सुमारे २३ मीटर. आज आपण तारेवाचून जे जे करतो त्यातील केवढे तरी काम याच मापाच्या आत चालते! २०१२ साली आंतरराष्ट्रीय विद्युत अभियंत्यांच्या संस्थेने, म्हणजे आयईईईने, या मिलिमीटर-लहरींच्या प्रयोगांचा गौरव करणारा फलक कोलकात्यात बसविला.

पेटंटविषयीही एक अर्धवट दंतकथा रूढ आहे. १९०१ साली लंडनमध्ये व्याख्यानापूर्वी एका बिनतारी कंपनीच्या मालकाने पेटंट घेऊन नफ्यात वाटणी करण्याचा प्रस्ताव मांडला, तो त्यांनी फेटाळला व तसे मित्र रवींद्रनाथ ठाकूर यांना कळविले, हे खरे. परंतु सारा बुल आणि भगिनी निवेदिता यांच्या आग्रहावरून अमेरिकेत त्यांच्या शोधकासाठी अर्ज झाला आणि १९०४ साली पेटंट मिळाले, हेही तितकेच खरे. त्या पेटंटातून पैसा मिळविण्याची खटपट त्यांनी केली नाही. ज्ञान सर्वांचे असावे हे त्यांचे तत्त्व आम्हांस आदरणीय वाटते. पण त्या तत्त्वाचा नफा ज्यांना हवा होता त्यांनीच उचलला, हे नमूद करणेही आम्ही आवश्यक समजतो.

पुढे त्यांनी लहरींचा विषय जवळजवळ सोडला. त्याचे कारण त्यांच्या शोधकातच होते. सतत वापरल्यावर तो थकतो आणि विसावा मिळाल्यावर पुन्हा ताजा होतो, असे त्यांना दिसले. सजीवाचा स्नायू असेच वागतो. मग धातू, वनस्पती आणि प्राणी यांच्या प्रतिसादांची तुलना करण्यात त्यांचे उर्वरित आयुष्य गेले. वनस्पतीची अतिसूक्ष्म वाढ हजारो पटींनी मोठी करून दाखविणारा क्रेस्कोग्राफ त्यांनी घडविला. इंग्लंडमधील शरीरशास्त्रज्ञांनी कडाडून विरोध केला. त्यांचे काही निष्कर्ष वादग्रस्तच राहिले, तर वनस्पतींतील विद्युत-संकेतांविषयीच्या अभ्यासाला पुढे पुष्टी मिळाली. त्यांना आधुनिक ऋषी म्हणण्याची रीत पडली आहे. आम्हांस ती तितकीशी रुचत नाही. ध्यानातून नव्हे, पत्रा कापून, ठिणगी पाडून, मोजून आणि पुन्हा मोजून त्यांनी जे मिळविले ते मिळविले.

त्यांनी बंगालीतही लिहिले. १८९६ साली एक विज्ञानकथा, आणि १९२१ मध्ये निबंधांचा संग्रह, ज्यात अदृश्य प्रकाशावरचा सुबोध निबंध आहे. केंब्रिजच्या पदवीधराला आपल्या भाषेत विज्ञान सांगणे कमीपणाचे वाटले नाही.

१९१५ मध्ये ते निवृत्त झाले. १९१७ साली सर ही पदवी मिळाली, आणि त्याच वर्षी ३० नोव्हेंबरला कलकत्त्यात बोस इन्स्टिट्यूटचे उद्घाटन झाले. १९०४ मध्ये जगदीशचंद्र, अबलाबाई, निवेदिता आणि रवींद्रनाथ यांनी बुद्धगयेची यात्रा केली होती. तेथील वज्राच्या चिन्हाने निवेदिता भारल्या होत्या. इन्स्टिट्यूटच्या शिखरावर तेच वज्र आहे. भिंतींवरील नक्षीत आवळा कोरलेला आहे. सम्राट अशोकाजवळ अखेरीस अर्धा आवळा तेवढा उरला आणि तोही त्यांनी संघाला अर्पण केला, या बौद्ध परंपरेतील कथेचे ते चिन्ह. उद्घाटनाच्या भाषणात त्यांनी तक्षशिला व नालंदा यांचे स्मरण केले आणि येथील शोध कोणाची खाजगी मालमत्ता होणार नाहीत, पेटंट घेतले जाणार नाही, असे जाहीर केले. १९२० मध्ये रॉयल सोसायटीने त्यांना सदस्यत्व दिले.

२३ नोव्हेंबर १९३७ रोजी गिरिडीह येथे त्यांचे निधन झाले. ७९ वा वाढदिवस एका आठवड्यावर होता. त्यांची उपकरणे कोलकात्यात बोस इन्स्टिट्यूटमध्ये जपून ठेवलेली आहेत. त्यांत पत्र्याचा कर्णा आहे, पिळलेल्या तागाची जुडी आहे, आणि पानापानांत कथिलाचा वर्ख घातलेले ते रेल्वेचे वेळापत्रकही आहे.